पहिला घोट कोणाच्या हातचा?

स्मरणिकेच्या पानांवर संस्थेच्या वाटचालीचा आलेख असावा, दात्यांचे ऋण व्यक्त व्हावे, गुणवंतांची नावे झळकावीत, ही रीत आहे आणि ती योग्यही आहे. ते कार्य या ग्रंथातील अन्य लेखांनी केले असल्यामुळे आम्ही येथे शाळा बंद असतानाच्या दिवसांविषयी लिहिणार आहोत. निवासी विद्यालयाचे वर्ष जेमतेम दहा महिन्यांचे. पहाटेची वंदना, वेळेवरचे जेवण, मैदान, अभ्यासिका, दिवे मालवण्याची घंटा, या सर्वांचा त्या दहा महिन्यांत मुलाच्या दिवसाला एक बांध असतो. दिवाळीचे काही आठवडे आणि उन्हाळ्याचा दीड-पावणेदोन महिना हा बांध नसतो. जूनच्या अखेरीस मुले परतू लागतात, पेट्या उघडतात, नव्या वह्यांचा वास येतो, आणि आठवी-नववीतील दोन-चार मुले निराळी होऊन आलेली दिसतात. कोणाच्या पेटीच्या तळाशी खर्र्याची पन्नी सापडते. कोणी सायंकाळ झाली की अस्वस्थ होतो. कोणी वडिलांचा विषय निघताच मान खाली घालतो. वसतिगृह चालवणाऱ्या कोणाही माणसाला हे सांगावे लागत नाही.

अशा मुलाविषयी बोलताना समाजात दोन-तीन ठरीव वाक्ये वापरली जातात. संगत वाईट लागली, मोबाइलने बिघडवले, पोराचे मनच कच्चे. या वाक्यांचा एक गुण असा की त्यांत वक्ता स्वतः कुठेही नसतो. आमचा अनुभव वेगळा आहे. बारा-चौदा वर्षांचे मूल आपल्या बुद्धीने दुकानात जाऊन, पैसे मोजून, पहिला घोट घेत नाही. तो त्याला कोणीतरी देतो. आणि देणारा बहुधा परका नसतो. लग्नघरी हळदीच्या रात्री नवरदेवाचे मित्र कौतुकाने देतात. वरातीत डीजेच्या गाडीपुढे नाचणाऱ्या पोराला मामा देतो. पोळ्याच्या करीला घरातच बैठक बसते आणि पेल्यात उरलेले तसेच राहते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पत्रके वाटणाऱ्या पोरांना त्यांची मजुरी बाटलीतून मिळते. दिवाळीच्या सुट्टीत कापसाची वेचणी ऐन भरात असते. पोरही फडकी बांधून वेचायला जाते, त्याच्या हाती चार पैसे येतात, आणि मोठ्या मजुरांच्या वर्गणीत त्याचाही वाटा धरला जातो. यांपैकी एकाही प्रसंगी मुलाचे वाईट व्हावे असे कोणाच्या मनात नसते. किंबहुना त्याला आपल्यात घेण्याची ती खूण असते. म्हणूनच ती इतकी घातक आहे.

खर्र्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या विदर्भात बहुतेकांची वाट तेथूनच सुरू होते. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा, पुडी बांधायची, की खर्रा तयार. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर आपल्या डोळ्यांदेखत घोटला जातो. तो आणायला कोण जाते? दुपारच्या उन्हात घरातली थोर माणसे उठत नाहीत. दहा रुपये देऊन घरातल्या लहानग्याला पिटाळतात. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकू नयेत आणि शैक्षणिक संस्थेच्या शंभर यार्डांच्या आत त्यांची विक्री होऊ नये, असा २००३ चा केंद्रीय कायदा आहे. ठेलेवाला तो मोडतो, हे खरे. पण त्याच्या ठेल्यावर मुलाला धाडणारा बाप किंवा काका काय करतो? आठव्या वर्षी पुडी आणणारे मूल दहाव्या वर्षी तिच्यातली चिमूट चाखते, आणि तेराव्या वर्षी ठेलेवाल्याकडे त्याच्या नावाची उधारी असते. पुढे देशीच्या दुकानाकडे वळताना त्याला वेगळे धाडस करावे लागत नाही. आणण्याची सवय त्याला आपणच लावलेली असते.

हा प्रश्न केवळ आमच्या कल्पनेतील नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दहा ते सतरा वयोगटातील १.३ टक्के मुले मद्य घेत होती. आकडा लहान वाटतो. परंतु घरोघर जाऊन विचारलेल्या प्रश्नाला मुले कितपत खरे उत्तर देत असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. त्याच अहवालातील दुसरी बाब आम्हाला अधिक बोचते. पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर यांसारखी हुंगण्याची द्रव्ये हा नशेचा एकच प्रकार असा आढळला की ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक होते: मुलांत १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. ज्याच्या खिशात दारूपुरते पैसे नाहीत, ते मूल जे स्वस्त आणि जवळ असेल ते हुंगते. वयाचा संबंध तर वैद्यकशास्त्राने केव्हाच दाखवून दिला आहे. विवेकाचा आणि संयमाचा कारभार पाहणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणात पंधराव्या वर्षापूर्वी पिऊ लागलेल्यांत पुढे व्यसनाधीन होण्याचे प्रमाण एकविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांच्या चौपट आढळले. तेव्हा 'आज ना उद्या पिणारच आहे, घरात प्यायलेला बरा' हे आपल्याकडील शहाणपण टाकून द्यावे लागेल. आज आणि उद्या यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर राखता आले तरी पुष्कळ साधले.

आता धम्माकडे वळू. आमच्या विद्यालयात मुले दररोज पंचशील ग्रहण करतात. पाचव्या शीलात सुरा आणि मेरय यांची नावे येतात, तसाच 'पमादट्ठान' हा शब्दही येतो. ठान म्हणजे स्थान; प्रमाद जेथून उपजतो ते ठिकाण, ते निमित्त. आमच्या अल्पमतीप्रमाणे हे शील केवळ पेल्यातल्या पेयाविषयी बोलत नाही, प्रमादाच्या जागेविषयीही बोलते. ती जागा मूल निर्माण करीत नाही. हळदीचा मांडव, वरातीची गाडी, करीची बैठक ही सर्व थोरांनी मांडलेली स्थाने आहेत, आणि विरतीचे शील मात्र आपण मुलाच्या एकट्याच्या मुखी घालून मोकळे होतो.

भिक्खूंनी मद्य घेऊ नये हा नियम ज्या प्रसंगामुळे झाला, ती विनयपिटकातील कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. सागत नावाचे स्थविर मोठे सामर्थ्यवान होते. अंबतित्थ येथे त्यांनी एका भयंकर नागाला आपल्या तेजाने नमवले आणि त्यांची कीर्ती कोसंबी नगरीपर्यंत पोहोचली. कोसंबीच्या उपासकांना वाटले, या थोर पुरुषाचा सत्कार करावा. भिक्खूंना दुर्लभ आणि प्रिय असे काय द्यावे? संघातील काही उनाड भिक्खूंनी त्यांना निर्मळ मद्याचे नाव सुचवले. उपासकांनी घरोघरी ते सिद्ध ठेवले. सागत भिक्षेला निघाले. पहिल्या दारी आग्रह झाला, दुसऱ्या दारी झाला, प्रत्येक दारी झाला. नगरीबाहेर पडताना ते वेशीपाशी कोसळले. भगवंतांनी त्यांना उचलून विहारात आणवले, आणि भिक्खूंना विचारले की ज्याने नागाशी झुंज दिली तो आता पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय? नंतर नियम झाला. या कथेचे तात्पर्य म्हणून दारूने सामर्थ्य जाते, एवढेच सांगण्याचा प्रघात आहे. आम्हाला मात्र कोसंबीच्या त्या दारांपाशी थांबावेसे वाटते. एकाही घरात वैर नव्हते. सर्वत्र आदर होता, प्रेम होते, आग्रह होता. नागाला नमवणारा मनुष्य त्या आग्रहापुढे टिकला नाही. तेथे नववीतल्या पोराने टिकावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

सिगालोवाद सुत्त तर एका तरुणालाच उद्देशून आहे. धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीची क्षीणता हे मद्यपानाचे सहा दुष्परिणाम त्यात सांगितले आहेत, आणि आपल्याकडील व्याख्यानांत ते नेहमी येतात. त्याच सुत्तात पुढे नात्यांची कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांकडे मात्र कमी लक्ष जाते. आईबापांच्या कर्तव्यांत पहिले कर्तव्य अपत्याला पापापासून आवरणे हे आहे. आचार्याच्या कर्तव्यांत शेवटचे कर्तव्य शिष्याला सर्व दिशांना संरक्षण मिळेल असे करणे हे आहे. सर्व दिशांना, म्हणजे शाळेच्या फाटकापुरते नव्हे. म्हणूनच सुट्टीच्या दिवसांविषयी बोलणे हे आम्ही आमच्या अधिकाराबाहेरचे मानत नाही.

येथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जिल्हाच दारूमुक्त करा म्हणजे झाले. ही मागणी आपल्या जिल्ह्यात नवी नाही. 'स्वामिनी' या नावाने महिलांनी उभे केलेले दारूमुक्तीचे आंदोलन यवतमाळच्या रस्त्यांनी पाहिले आहे. ज्या बाईने नवऱ्याचा मार खाल्ला, घरातले तांदूळ विकले गेलेले पाहिले, तिच्या त्या मागणीपुढे आम्ही नम्र आहोत. आपल्या पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तेथे १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. आपल्या वणीला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. ती उठवताना शासनाने जी कारणे पुढे केली, त्यांत अवैध विक्रीत महिला आणि मुलांचा सहभाग वाढल्याचेही कारण होते. शासनाच्या हेतूविषयी ज्याला जे वाटायचे ते वाटो. दारूच्या महसुलाकडे शासनाचे डोळे लागलेले असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नदीच्या अलीकडून पलीकडे बाटल्या नेण्यासाठी शाळकरी पोराचे दप्तर हे सर्वांत निर्धास्त साधन ठरते, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. ते स्वतः मद्याला स्पर्श न करणारे. तरीही १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात त्यांनी सरकारी दारूबंदीवर कठोर टीका केली. बंदीमुळे दारू गाळणे हा घरगुती धंदा झाला, पूर्वी पुरुषच पीत, आता घरातच दारू तयार होत असल्यामुळे स्त्रिया आणि मुलेही पिऊ लागली, असा त्या टीकेचा एक मुद्दा होता. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या लाखो अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती शोधणारे शोधोत. आम्हाला त्यात एक स्पष्ट विचार दिसतो. जे काम शासनाच्या शिपायाकडून होणार नाही, ते समाजाने आपल्या शीलाने करायचे आहे. आणि दीक्षाभूमीवरील ती प्रतिज्ञा एकेकट्याने कानात सांगितलेली नव्हती, एका जनसमूहाने उभे राहून एका स्वरात घेतलेली होती. बंदी असलेल्या गडचिरोलीतही २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमाला गावोगाव संघटना बांधाव्या लागल्या, व्यसनींसाठी उपचाराची सोय गावाजवळ न्यावी लागली, ही गोष्ट याच विचाराला पुष्टी देते.

याचा अर्थ कायदा निरुपयोगी आहे असा नव्हे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. देशातील ही सर्वांत कडक मर्यादांपैकी एक, आणि तिच्याइतकी दुर्लक्षित मर्यादा दुसरी नसेल. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बालकाला मद्य किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दारूची विक्री वा वाहतूक बालकाकडून करवून घेणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. पव्वा आणायला पोराला पाठवणारा बाप या कलमात बसतो की नाही, हे न्यायालये ठरवतील. बाप तुरुंगात गेल्याने पोराचे भले होईल असे आम्हाला वाटत नाही. परंतु हे कलम वरातीतल्या मामाला आणि निवडणुकीतल्या उमेदवाराला ठाऊक असायला हवे. ग्रामसभेत ते एकदा मोठ्याने वाचून दाखवायला काय हरकत आहे?

गावातील दुकान बंद करण्याचा अधिकारही आपल्याला आहे. एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी एक चतुर्थांशांनी मागणी केली तर मतदान घ्यावे लागते, आणि निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडली तर दुकान बंद होते. वस्तीत दारूचे दुकान असावे की नसावे हा तेथील लोकांचा प्रश्न आहे, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. आडव्या बाटलीच्या मतदानात मात्र एक उणीव आम्हाला नेहमी जाणवते. ज्याच्यावर त्या दुकानाचा सर्वाधिक परिणाम व्हायचा, त्या मुलाला मत नसते. त्याच्या वतीने कोणी मत द्यायचे, हे घरातल्या थोरांनी आपसांत ठरवावे.

मोहाविषयी एक खुलासा करणे जरूर आहे. गोंड आणि कोलाम बांधवांच्या पूजाविधींत मोहाच्या दारूला स्थान आहे, आणि मोहाचे झाड त्यांचे अन्न आहे, फूलही आणि फळही. आमची मुले त्या पोडांतूनही येतात. त्यांच्या रूढीकडे तुच्छतेने पाहण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमचा विरोध गूळ आणि नवसागराच्या त्या हातभट्टीला आहे, जी मोहाचे नाव सांगते आणि पोडावर कर्ज मांडते.

थोरांनी आपले हात आखडले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. शेंडगावचा डेबूजी लहान असतानाच त्याचे वडील दारूपायी गेले आणि त्याला आजोळी वाढावे लागले. पुढे त्याच्या अपत्याचे बारसे आले. भाऊबंदांना दारू आणि मटण देण्याची जातीची रीत होती. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. नातलग रुसले, बोलले. त्याने ऐकले नाही. हाच डेबूजी पुढे गाडगेबाबा झाला, आणि पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा त्याने बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांसाठी दिली. बाबांची कीर्तने सर्वांना आठवतात. आम्हाला त्या बारशाची पंगत अधिक महत्त्वाची वाटते. त्या दिवशी त्या मांडवातल्या पोरांनी, आपल्या घरच्या आनंदाच्या प्रसंगी बाटली नसते, एवढे पाहिले असेल.

आमच्या वस्त्यांतील मांडवांविषयी असे म्हणता येईल काय? अप्रिय वाटले तरी लिहितो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळ्या झेंड्याखाली काही पाय लडखडताना दिसतात. मंगल परिणय पंचशीलाने लागतो, आणि तासाभरात त्याच मांडवामागे पेट्या फुटतात. वरातीपुढे नाचणारी मुले त्याच आठवड्यात आमच्याकडून सुट्टीला आलेली असतात. त्यांनी सकाळी ग्रहण केलेले शील आणि सायंकाळी पाहिलेले दृश्य यांपैकी कशावर विश्वास ठेवायचा? काही गावांत बौद्धाचार्यांनी आधीच अट घालण्यास आरंभ केला आहे की वरात पिऊन आली तर विधी लावणार नाही. हे कठोर आहे आणि अगदी योग्य आहे. अशा आचार्याच्या पाठीशी गाव उभे राहिले पाहिजे. नाहीतर पुढच्या लग्नाला दुसरा, मवाळ आचार्य बोलावला जातो आणि प्रकरण मिटते.

दूरदेशीचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात आपण झिंगलो होतो असे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्के झाले. हे केवळ व्याख्यानांनी झाले नाही. दरवर्षी शाळाशाळांतून मुलांना विचारून माहिती गोळा केली गेली आणि ती त्या त्या वस्तीला परत सांगितली गेली. रात्री ठरावीक वेळेनंतर अल्पवयीन मुलांनी बाहेर हिंडायचे नाही, असा नियम पाळला गेला. खेळ, संगीत आणि नृत्य यांच्या वर्गांना सार्वजनिक पैसा मिळाला. आणि पालकांनी लेखी करार केले: आम्ही अल्पवयीनांसाठी दारू विकत आणणार नाही, देखरेखीवाचून त्यांच्या मेजवान्या होऊ देणार नाही, एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवू. तो देश श्रीमंत आहे, लोकसंख्या थोडी आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु कराराच्या कागदाला आणि सहीला पैसा लागत नाही. आणि सायंकाळचा प्रश्न तर तेथला आणि येथला एकच आहे. सायंकाळी सहा ते नऊ या वेळात आपल्या गावी मुलाने जायचे कुठे? मैदान असेल तर दिवा नाही. समाजमंदिर आहे, पण त्याला कुलूप असते. उघडे आणि उजेडाचे ठिकाण एकच असते, पानठेला.

आता आम्ही काय मागतो ते सांगतो. मुलांकडून आणखी शपथा घेऊ नयेत. जूनमध्ये व्यसनमुक्तीची फेरी, घोषणा, चित्रकला स्पर्धा, बक्षीस, या क्रमावर आमचा फारसा विश्वास राहिलेला नाही. बक्षीस मिळवणारे चित्र बहुधा त्याच मुलाचे असते ज्याच्या घरी त्याला रंगवायला दृश्य शोधावे लागत नाही. शपथ थोरांनी घ्यावी, आणि ती मुलांसमोर घ्यावी. तीत सर्वस्वी त्यागाची थोर भाषा नको. मी मुलाला दारू किंवा खर्रा आणायला पाठवणार नाही. माझ्या घरच्या कार्यात अठरा वर्षांखालच्या कोणाच्याही हाती पेला जाऊ देणार नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या हाती दिसला तर गप्प राहणार नाही. तिसरे वाक्य सर्वांत अवघड आहे. 'तुझ्या पोराला मी काल ठेल्यावर पाहिले' हे शेजाऱ्याला सांगणे आज भांडणाला निमंत्रण ठरते. ते भांडण होऊ नये म्हणून आधीच, सर्वांनी मिळून, एकमेकांना तशी मुभा देऊन ठेवायची आहे.

ज्याच्याकडे पन्नी सापडली त्या मुलाला वसतिगृहातून काढून टाकावे, असा आग्रह काही पालक करतात. आपल्या मुलाच्या काळजीपोटी करतात, हे समजते. पण काढलेले मूल जाते कुठे? ज्या ठिकाणी त्याला ती सवय लागली तेथेच, आणि या वेळी बारा महिन्यांसाठी. त्याला ठेवून घ्यावे लागेल, त्याच्याशी बोलावे लागेल, गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयात न्यावे लागेल. तसेच पिणाऱ्या बापाची शाळेत टवाळी होता कामा नये. त्या मुलाला आपला बाप प्रिय असतो. बापाला उपचाराची वाट दाखवली तर मूल आपल्याशी बोलते. त्याला नावे ठेवली तर ते कायमचे गप्प होते, आणि गप्प झालेल्या मुलाला ओळखणे फार कठीण असते.

माजी विद्यार्थ्यांना एक विशेष विनंती आहे. तुमच्यापैकी अनेक जण गावीच आहेत; कोणी शिक्षक आहे, कोणी ग्रामपंचायतीत आहे, कोणी शेती करतो. वर्षावासाचे तीन महिने अनेक विहारांत ग्रंथवाचन चालते आणि सायंकाळी विहार उघडे असतात. ते नंतरही उघडे राहावेत. दिवाळीत आणि उन्हाळ्यात सहा ते नऊ एक दिवा, एक कॅरम, दोन वर्तमानपत्रे, शक्य तर एक हॉलीबॉलची जाळी, आणि एक थोर माणूस, जो खर्रा खात नाही. वाचनालय, अभ्यासवर्ग, क्रीडा मंडळ अशी भारदस्त नावे पुढे द्यावीत; प्रथम कुलूप काढावे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी होणाऱ्या पालकसभेत मुलाला घरी नेण्याच्या अर्जावर वरील तीन वाक्ये छापण्याचा आमचा विचार आहे, खाली आईची आणि वडिलांची स्वतंत्र सही. ज्यांना सही करायची नसेल त्यांच्यावर सक्ती नाही. मूल त्यांचेच आहे आणि ते घरी जाणारच. अर्जाच्या शेवटी दोन रकाने अधिक असतील. एकात गावाचे किंवा वस्तीचे नाव. दुसऱ्यात, तेथील समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते, त्या व्यक्तीचे.